कोकणात राहून रॉक अल्बम करायचा तर: एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत

गाणी घेऊन येणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात, "दादा, माईक कुठला घेऊ?" मी त्यांना आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढायला सांगतो. मुंबई-पुण्यातला बँड वातानुकूलित स्टुडिओचे तास विकत घेतो आणि वर्षातल्या कुठल्याही दिवशी वाजवायला बसतो. वेंगुर्ला, मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर या पट्ट्यात घरीच रेकॉर्डिंग करणाऱ्याला पाऊस, वीज, आंबा आणि जत्रा यांच्या मधल्या फटी शोधाव्या लागतात. त्या सापडल्या की साध्या सामानातही ऐकण्यासारखा अल्बम होतो.

आमचा बँड कुडाळ तालुक्यातला, चौघांचा. पहिल्या खेपेला आम्ही जुलैत बसलो. कौलांवरचा पाऊस प्रत्येक माईकमध्ये शिरला, गिटार दर दोन टेकला (गाणं एकदा सलग वाजवून रेकॉर्ड केलं की एक टेक) उतरत होती, तिसऱ्या दिवशी सकाळी गेलेली वीज रात्री उशिरा आली. ते सगळं टाकून द्यावं लागलं. पुढे लिहिलंय ते दुसऱ्या खेपेचं, जी पार पडली.

वर्षाची आखणी

जून ते सप्टेंबर गाणी लिहायची आणि चाली बसवायच्या. या महिन्यांत रेकॉर्डिंगचा विचारही करू नका. गणपती झाले की ऑक्टोबरात वाद्यांची डागडुजी आणि रोजची तालीम. नोव्हेंबर ते जानेवारी रेकॉर्डिंग: हवा कोरडी, पंखा बंद ठेवला तरी बसवतं. फेब्रुवारीत मिक्सिंग (सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र तोलणं), शिमगोत्सवाच्या आगेमागे मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात), मार्च संपताना अंतिम फाइल हातात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रकाशन आणि मेमध्ये कार्यक्रम.

हिवाळाही अगदी शांत नसतो. आंबा-काजूच्या बागांच्या शेजारी घर असेल तर मोहोराच्या फवारणीचे पंप सकाळीच सुरू होतात आणि तो घरघराट जांभ्याच्या भिंतीतूनही आत येतो. तुळशीच्या लग्नानंतर जत्रा लागतात, रात्ररात्र दशावतार चालतो, लाऊडस्पीकरचा आवाज दोन वाड्या ओलांडून येतो. आम्ही आसपासच्या सगळ्या गावांच्या जत्रांच्या तारखा आधी लिहून घेतल्या, ते दिवस वगळले, आणि रोजची वेळ दुपारी दोन ते सहा ठरवली. त्या वेळात पंप थांबलेले असतात आणि शेजारी झोपलेले असतात. झोपमोड होणार म्हणून शेजाऱ्यांची आधी घरी जाऊन परवानगी घेतली, ड्रम किती दिवस वाजणार ते सांगितलं.

प्रकाशन गणपतीत करावं असं बरेच जण सुचवतात, कारण तेव्हा चाकरमानी गावात असतात. मला ते पटत नाही. त्या दिवसांत घराघरात आरत्या आणि भजनं चालू असतात, माणसं स्वतःच गात असतात. त्यांना तेव्हा आपलं इलेक्ट्रिक गिटार ऐकायला सांगणं बरोबर नाही. मे महिन्यात तीच माणसं सुट्टीवर येतात, संध्याकाळी मोकळी असतात आणि कॉलेजातली पोरंही घरी असतात.

पडवीतली गाणी

पावसाळ्यात आमच्याकडे चौदा गाणी जमली. त्यातली आठ ठेवली. निवडीची कसोटी सोपी होती: फक्त साधी गिटार घेऊन पडवीत बसून गाणं म्हणायचं. ॲम्प, ड्रम, इफेक्ट काढून घेतल्यावर जे उभं राहिलं नाही ते बाहेर. आठ गाणी म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटं. एका बैठकीत ऐकण्यासाठी एवढं पुरतं.

मराठीत रॉक लिहिताना शब्दांचं वजन नीट बघा. रॉकच्या चार मात्रांत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर (ड्रममधला कडक वाजणारा ढोल) पडतो. त्या ठोक्यावर गुरू अक्षर आलं तर शब्द ठसतो, लघु आलं तर शब्द मोडतो. 'वादळ' मधला 'वा' ठोक्यावर बसवा. 'द' वर ठोका आला की ऐकणाऱ्याला दोन तुटके आवाज ऐकू येतात. दुसरी गोष्ट लांबवलेल्या स्वरांची. 'पाऊस', 'वादळ', 'गलबत' हे शब्द व्यंजनावर संपतात, त्यांचं शेवटचं अक्षर ताणता येत नाही. जिथे आवाज वर नेऊन धरायचा आहे तिथे 'किनारा', 'गेले', 'येतो' असे आ, ए, ओ वर संपणारे शब्द हवेत. आमच्या गायकाने दोन ध्रुवपदं केवळ यासाठी बदलली आणि त्याचा घसा वाचला.

मालवणीत लिहायचं असेल तर बिनधास्त लिहा. फक्त घरातल्या एखाद्या आजीला वाचून दाखवा. आपल्या पिढीची मालवणी पुस्तकी मराठीत मिसळून गेलीय, तिच्या कानाला ते लगेच खटकतं.

दशावतारातला पखवाज किंवा जाखडीचा ढोलकीचा ठेका घ्यावा असं कोकणातल्या प्रत्येक बँडला वाटतं. घ्या, पण वाजवणाऱ्याला बोलावून, बिदागी देऊन आणि अल्बमवर त्याचं नाव छापून. जत्रेत मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग कापून गाण्यात चिकटवू नका. पारंपरिक चाल सगळ्यांची असते, पण त्या रात्री त्या माणसाने केलेलं वादन त्याचं असतं. तो आल्यावर पहिलं विचारेल, "पट्टी कुठली?" 'ई मेजर' हे उत्तर त्याच्या उपयोगाचं नाही. पेटीच्या भाषेत सांगा: ई म्हणजे पांढरी तीन, ए म्हणजे पांढरी सहा, आणि गिटार अर्धा स्वर उतरवली असेल तर ई ची काळी दोन होते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेली कणीक बैठकीत वाळते आणि आवाज चढतो, म्हणून ओल्या कणकेचा गोळा आणि पाणी शेजारी ठेवा आणि दर दोन-तीन टेकनंतर सूर तपासा.

रेकॉर्डिंगपूर्वी गाणी लोकांसमोर वाजवून घ्या. बीटल्सनी ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवसात लंडनच्या ईएमआय स्टुडिओत पहिल्या अल्बमची १० गाणी रेकॉर्ड केली. त्यातली बरीच गाणी ते रोज रंगमंचावर वाजवत होते, म्हणून ते जमलं. जॉन लेननला सर्दी झालेली होती, तेव्हा घसा फाडून म्हणायचं गाणं अगदी शेवटी ठेवलं. ही युक्ती आम्ही जशीच्या तशी उचलली: ओरडून गायची दोन गाणी गायनाच्या शेवटच्या दिवशी.

खोली

लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बममधला एक गाजलेला ड्रमचा आवाज इंग्लंडमधल्या एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली ड्रम ठेवून आणि वरच्या मजल्यावरून दोन माईक सोडून मिळवलेला आहे. जुन्या घरांत असे आवाज लपलेले असतात. कोकणातलं जुनं घर तर यासाठी फारच चांगलं. गिलावा नसलेला जांभा सच्छिद्र असतो, त्यावरून आवाज गुळगुळीत भिंतीइतका परतत नाही. कौलारू छप्पर उतरतं असल्यामुळे ते जमिनीला समांतर नसतं आणि टाळीचा कर्कश प्रतिध्वनी कमी होतो. नव्या स्लॅबच्या, टाइल्स लावलेल्या खोलीत याच्या उलट घडतं.

प्रत्येक खोलीत उभं राहून जोरात टाळी वाजवा. टाळीनंतर 'टर्रर्र' ऐकू आलं तर तिथे ड्रम नको. आम्हाला माजघर सापडलं. दोन कोपऱ्यांत गाद्या उभ्या केल्या, एका भिंतीला घोंगड्या टांगल्या, मागच्या बाजूला वाळलेल्या गवताच्या पेंढ्या रचल्या. पेंढ्यांची जाडी खालच्या स्वरांचा घुमारा चांगला शोषते. मात्र त्यांच्याजवळ दिवे, एक्स्टेन्शन बोर्ड किंवा उदबत्ती ठेवू नका, आणि धूळ झटकून मगच आत आणा, नाहीतर गायक दिवसभर शिंकेल.

खारा वारा, दमट हवा

गिटारसाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता चांगली. पावसाळ्यात आपल्याकडे ती ९० च्या आसपास जाते. लाकूड पाणी पितं, मान वाकते, तारा फ्रेटपासून वर उचलल्या जातात. छोटा आर्द्रतामापक विकत घ्या, तो फार महाग नसतो. गिटार भिंतीला न टांगता बंद केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की तापवून कोरड्या करा. लेप दिलेल्या तारा महाग पडतात, तरी किनाऱ्यावर साध्या तारा इतक्या लवकर गंजतात की शेवटी हिशेब सारखाच होतो. वाजवून झालं की तारा सुक्या कापडाने पुसायच्या, रोज.

कंडेन्सर या नाजूक जातीच्या माईकला ओल चालत नाही; आतल्या पडद्यावर दमटपणा बसला की 'चर्र चर्र' सुरू होतं. लाकडी कपाटात कमी वॅटचा पिवळा बल्ब लावून माईक त्यात ठेवले तर ते कोरडे राहतात. एकच माईक घेण्याएवढे पैसे असतील तर शुअर एसएम ५७ सारखा डायनॅमिक या दणकट जातीचा घ्या. स्नेअर, गिटारचा ॲम्प आणि गरज पडली तर गायन, सगळं त्यावर होतं आणि तो आपल्या हवेत टिकतो.

वीज

लॅपटॉप बॅटरीवर चालतो म्हणून निर्धास्त राहू नका; इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारं यंत्र) बंद पडला की टेक गेला. इंटरफेस, स्पीकर आणि हार्ड डिस्क यूपीएसवर घ्या. गिटारमधून सतत गुणगुण येत असेल तर बहुतेक वेळा अर्थिंगचा दोष असतो. सड्यावरच्या घरांत कातळामुळे अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात तर आणखी बिघडतं. वायरमनला बोलावून ते तपासून घ्या. सगळी उपकरणं एकाच बोर्डावरून चालवा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिज, विहिरीचा पंप, ट्यूबलाइट बंद ठेवा. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नका, त्यात जीव जातो.

रेकॉर्डिंग

रेकॉर्डिंगचा दर्जा चौवीस बिट, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. एका ट्रॅकला (एका माईकचा वेगळा साठवलेला आवाज) मिनिटाला साधारण साडेआठ एमबी लागतात, म्हणजे बारा ट्रॅकचं पाच मिनिटांचं गाणं एका टेकला अर्धा जीबी. रोज रात्री तीन प्रती: लॅपटॉपवर, हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्याच घरात. आमची तिसरी प्रत बासिस्टच्या काकांच्या कपाटात असायची. सॉफ्टवेअर म्हणून आम्ही रीपर वापरलं. जुन्या लॅपटॉपवरही चालतं.

आधी क्लिकवर (हेडफोनमधल्या मात्रा मोजणाऱ्या टिकटिकीवर) साधी गिटार आणि कच्चं गायन. त्यावर ड्रम, मग बास, मग गिटार, शेवटी गायन. ड्रमला आम्ही चारच माईक लावले: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर आणि वर दोन. वरच्या दोन माईकचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर अगदी सारखं हवं. एक सुतळी स्नेअरवर धरून दोन्ही माईकपर्यंत ताणून बघा. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. अंतरात वीतभर फरक पडला तरी दोन माईकचे आवाज एकमेकांना खातात आणि स्नेअर पोकळ ऐकू येतो. ही सुतळी आमच्या सगळ्या सामानातली सर्वात उपयोगी वस्तू ठरली.

ड्रमची कातडी नवी लावा आणि रोज सकाळी सूर लावा. यावर जेवढा वेळ घालवाल तेवढा मिक्सिंगमध्ये वाचतो. दिवसाला एकच गाणं धरा. चौथ्या-पाचव्या टेकनंतर हात सुटतात, सातव्यानंतर जीव जातो. तेव्हा थांबून चहा घ्या. प्रत्येक टेक बिनचूक करण्याच्या मागे लागू नका. आमच्या तिसऱ्या गाण्यात ड्रमरची काठी काठावर लागल्याचा आवाज आहे, तो टेक बाकी सगळ्यांपेक्षा जिवंत होता म्हणून ठेवला.

मिक्स, मास्टर

मिक्स करणारा बँडमधला चालेल, मास्टरिंग करणारा बाहेरचा हवा. ज्याने ते गाणं दोनशे वेळा ऐकलेलं नाही त्याचे कान पाहिजेत. आमच्या भागातून मोठ्या फाइल अपलोड होईनात, म्हणून कोकणकन्येने मुंबईला निघालेल्या नातेवाइकाच्या हाती हार्ड डिस्क पाठवली.

मिक्स तीन ठिकाणी तपासा: मोबाइलच्या स्पीकरवर, गाडीत आणि रिक्षात. मोबाइलच्या स्पीकरमध्ये बासचे खालचे स्वर जवळजवळ नसतातच. बासला थोडी फाटलेली धार दिली की त्या स्वराबरोबर निघणारे वरचे अंश ऐकू येतात आणि कानाला मूळ स्वर जाणवतो. रिक्षात उलट बास फुगतो. तिन्हीकडे शब्द कळले तर मिक्स झालं.

आवाज किती चढवायचा यावर वाद होतात. स्पॉटिफाय गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाजाचा जोर मोजायचं माप) पातळीवर आणून वाजवतं, त्याहून जोरात केलेलं गाणं तिथे खालीच आणलं जातं. चिरडून मोठा आवाज केल्याने ड्रमचा ठोका तेवढा मरतो. आवाजाचं सर्वात उंच शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

कागद

हे काम मैत्री टिकून असतानाच करा. प्रत्येक गाण्यासाठी एक पान: शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचा किती टक्के हिस्सा, सगळ्यांच्या सह्या. आमच्यातला एक जण अल्बमनंतर सहा महिन्यांत नोकरीसाठी आखातात गेला, आणि त्या पानामुळे आमच्यात एकही कटू शब्द झाला नाही. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला हक्क त्यांचे वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून दुसऱ्या कोणाच्या नावे करता येत नाही. ध्वनिमुद्रण ज्याच्या पुढाकाराने आणि जबाबदारीवर झालं तो त्याचा मालक, म्हणून खर्च चौघांनी केला असेल तर तसं लिहून ठेवा. गीतकार-संगीतकारांनी १९६९ पासून चालत आलेल्या आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीचं सदस्यत्व घ्यावं. प्रत्येक गाण्याच्या रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा अक्षरांचा ओळख क्रमांक लागतो. तो वितरक (गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारी कंपनी) देतो, तुम्ही वहीत उतरवून ठेवा.

लोकांपर्यंत

वितरकाकडे गाणी किमान चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाआधी निदान सात दिवस जावं लागतं, आणि एका वेळी एकच गाणं सुचवता येतं. तेव्हा कुठलं ते आधी ठरवा. सर्वात अवघड गाणं निवडू नका. २०१५ पासून जगभर शुक्रवारी नवं संगीत येतं, तोच दिवस धरा. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल, आणि ते नखाएवढं करून ओळखू येतंय का ते बघा. भाषा 'मराठी' भरायला विसरू नका, आणि बँडचं नाव सगळीकडे एकाच स्पेलिंगने द्या. एका अक्षराच्या फरकाने दोन वेगळे कलाकार तयार होतात.

अल्बमआधी दोन गाणी तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने सोडा आणि यूट्यूबवर देवनागरी शब्दांसह टाका. आमच्या आठपैकी सर्वाधिक ऐकलं गेलेलं गाणं शब्दांमुळेच पोचलं. स्थानिक वृत्तपत्रांना दीडशे-दोनशे शब्दांची स्वच्छ मराठी बातमी आणि एक चांगला फोटो द्या. आकाशवाणी रत्नागिरीला पत्र लिहा. एसटी स्टँड, कॉलेज, चहाच्या टपऱ्या इथे क्यूआर कोड असलेली छोटी पत्रकं लावा, टपरीवाल्याला विचारून. आणि वाडीच्या, शाळेच्या, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांत स्वतः न टाकता त्या गटातल्या कोणाला तरी टाकायला सांगा. गावच्या माणसाने "आमच्या पोरांचं गाणं" म्हणून टाकलं की लोक उघडून ऐकतात.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम नाहीत त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. तिथून खर्च निघेल असं धरू नका. आमचा खर्च मेमधल्या कार्यक्रमाच्या तिकिटांतून आणि टी-शर्टांतून बऱ्यापैकी भरून निघाला.

कार्यक्रमासाठी मालवण, चिपळूण, रत्नागिरी इथली नाट्यगृहं आहेत, किंवा शाळेचं मैदान. मैदान असेल तर पोलिसांची लाऊडस्पीकर परवानगी लागते आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहाला आवाज बंद करावा लागतो. म्हणून सहाला साउंड चेक, साडेसातला सुरुवात. जनरेटर ठेवाच. मेअखेरीस ढग येतात, तेव्हा वीस मेच्या आतली तारीख धरा आणि ताडपत्र्या बरोबर असू द्या.

लोक काय म्हणाले

पहिल्या आठवड्यात आकडे बघू नका, बघितलेच तर एकूण संख्या सोडून दोनच गोष्टी बघा: किती जणांनी गाणं जतन केलं, आणि कुठल्या सेकंदाला लोक सोडून जातात. आमच्या एका गाण्याला ५० सेकंदांची वाद्यांची सुरुवात होती आणि बरेच जण शब्द यायच्या आधीच निघून जात होते. अल्बममधला तो भाग आम्ही तसाच ठेवला, कारण तिथे तो लागतो. स्वतंत्र गाणं म्हणून वेगळी, छोटी आवृत्ती काढली.

माणसांचं बोलणं वहीत लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत. कार्यक्रमानंतर शेजारचे एक काका म्हणाले, "गाणां बरां हा रे, पण तू काय म्हणतंस ता कळणा नाय." दहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत हेच सांगितलं. गायकाचा आवाज गिटारखाली दबला होता, ते आम्हाला मिक्स करताना हेडफोनवर कळलंच नव्हतं. पुढच्या गाण्याला आम्ही गायन दोन डेसिबलने वर घेतलं. परळला राहणाऱ्या एका बाईंनी लिहिलं की लोकलमध्ये ऐकताना पडवीतल्या पावसाचा आवाज आला आणि त्यांना गावच्या घराची आठवण झाली. शेवटच्या गाण्यामागचा तो पाऊस फेकून दिलेल्या जुलैच्या रेकॉर्डिंगमधून घेतलेला आहे.

टीकेला जाहीर उत्तर देऊ नका. एक जण सांगतो ती त्याची आवड. पाच जण तेच सांगू लागले की बसून ऐका.

जून लागायच्या आत आवराआवर करा. प्रत्येक गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच लांबीचे, साध्या वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी सॉफ्टवेअर बदललं तरी ते उघडतील. शब्द, पट्टी, क्लिकचा वेग, आयएसआरसी आणि सह्यांच्या पानांचे फोटो त्याच डिस्कवर. केबल पुसून गुंडाळा, माईक बल्बच्या कपाटात, गिटार केसमध्ये ताज्या सिलिका जेलसह. गवताच्या पेंढ्या गोठ्यात परत. सुतळी ड्रमच्या पेटीत ठेवा, पुढच्या नोव्हेंबरात शोधावी लागणार नाही.